पंढरपूरला पहिल्यांदाच जाताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात वारी आजोबांपासून आहे. त्यामुळे ओळखीतलं कुणी पंढरपूरला निघालं की आधी मला फोन येतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची सगळी उत्तरं तिच्याभोवतीच फिरतात: पंढरपूरला हातात वेळ ठेवून जा. सकाळी गाडीतून उतरलो, रांग लावली, पाय धरले आणि दुपारी परत निघालो, असं करता येतं. पण मग पंढरीतलं निम्म्याहून जास्त हातचं सुटतं.

कधी जावं?

पहिल्यांदा जात असाल आणि सोबत वयस्कर माणसं असतील, तर साधा आठवडी दिवस निवडा. शनिवार-रविवार, कुठलीही एकादशी आणि दिवाळी-मे महिन्याच्या सुट्ट्या गर्दीच्या. चार मोठ्या यात्रा आहेत: चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. त्यातल्या आषाढी-कार्तिकीला लाखो माणसं येतात आणि गावाचं रूपच पालटतं. चैत्री आणि माघी त्या मानाने निवांत असतात, पण गर्दी तेव्हाही असते.

एप्रिल-मे मध्ये सोलापूर जिल्ह्यातलं ऊन चाळिशी ओलांडतं. तेव्हा जायचंच झालं तर पहाटे दर्शन उरका. मात्र उन्हाळ्यात एक पाहण्यासारखं असतं. गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत देवाला थंडावा मिळावा म्हणून चंदनउटी पूजा करतात. माझ्या मनासारखा काळ म्हणाल तर डिसेंबर-जानेवारी. पहाटे नदीवर धुकं असतं, रांग सरकती असते आणि देवाच्या कानाला थंडी वाजू नये म्हणून कानपट्टी बांधलेली असते.

कसं पोहोचायचं?

एसटी सर्वात सोपी. राज्यातल्या बहुतेक मोठ्या आगारांतून थेट गाड्या आहेत. पुण्याहून अंतर साधारण २१० किलोमीटर, सोलापूरहून ७५ च्या आसपास. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. आधारकार्ड सोबत ठेवा, नाहीतर वाहकाचा नाइलाज होतो.

रेल्वेने यायचं तर पंढरपूरला स्टेशन आहे. ते कुर्डुवाडी-मिरज मार्गावर येतं. थेट गाडी नसेल तर मुंबई-सोलापूर मार्गावरच्या कुर्डुवाडीला उतरा, तिथून पन्नासएक किलोमीटर.

पदस्पर्श दर्शन आणि मुखदर्शन यात फरक काय?

पदस्पर्शात तुम्ही गाभाऱ्यात जाऊन विठ्ठलाच्या पायांवर प्रत्यक्ष डोकं ठेवता. असं करू देणारी मोठी देवस्थानं फार थोडी. बहुतेक ठिकाणी देव लांबून पाहायचा असतो. इथे कुणीही यावं, पाय धरावेत. जात, हुद्दा, कपडे काही विचारत नाहीत. मुखदर्शनात गाभाऱ्याबाहेरूनच देवाचं रूप पाहायचं. ती रांग बरीच छोटी असते.

गुडघे दुखणारी आई-वडील, तान्हं बाळ, गरोदर बाई सोबत असेल तर मुखदर्शनात काही कमीपणा वाटून घेऊ नका. पदस्पर्शाची नोंदणी मंदिर समितीच्या संकेतस्थळावर आधी करता येते का, ते निघण्यापूर्वी पाहून घ्या. वेळा आणि नियम यात्रेनुसार बदलत राहतात.

रांगेत किती वेळ लागतो?

साध्या दिवशी दोन-तीन तास धरून चला. कधी तासाभरातही होतं. आषाढीला रांग थेट गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि रात्रच्या रात्र उभं राहावं लागतं. पाण्याची बाटली, रक्तदाब-शुगरची औषधं, खिशात थोडे चुरमुरे किंवा राजगिऱ्याचा लाडू असू द्या. रांगेत शिरण्याआधी बाथरूमला जाऊन या. हे लिहायला साधं वाटतं, पण रांगेत अर्ध्यावर अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

रांगेबाहेर कुणी अनोळखी माणूस “लवकर दर्शन करून देतो” म्हणत आला, तर त्याच्या हातात पैसे देऊ नका. एका वर्षी आईचा गुडघा फार दुखत होता म्हणून मी असे पाचशे रुपये दिले. तो माणूस गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला. पैशांचं वाईट नाही वाटलं, पण पुढचा तासभर आई “माझ्यामुळे झालं” म्हणत राहिली, ते अजून सलतं. अडचण असेल तर थेट समितीच्या कार्यालयात किंवा रांगेवरच्या कर्मचाऱ्याला सांगा.

गाभाऱ्यात गेल्यावर नेमकं काय करायचं? खूप घाई करतात असं ऐकलंय.

घाई असते. मागे हजारो माणसं उभी असतात, त्यामुळे पायांपाशी जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. आमची आजी प्रत्येकाला एकच सांगायची: “आधी मुख बघ, मग पाय धर.” कारण पायांवर वाकलात की मुख दिसत नाही, आणि उठेपर्यंत पुढे सरकावं लागतं. म्हणून चौखांबीत, म्हणजे गाभाऱ्यासमोरच्या चार खांबांच्या मंडपात, पोचलात की बोलणं थांबवा आणि समोर पाहत राहा.

काळ्या पाषाणाची मूर्ती आहे. समचरण, म्हणजे दोन्ही पाय सरळ जुळवून विटेवर उभी. दोन्ही हात कमरेवर, कानांत माशांच्या आकाराची मकरकुंडलं, डोक्यावर उंच मुकुटासारखा भाग. तो शिवलिंगाचा आकार आहे असं वारकरी मानतात, म्हणून इथे हरी आणि हर वेगळे नाहीत. पोशाख, अलंकार घातलेले असले की यातलं थोडंच दिसतं. पहाटेच्या काकड आरतीनंतरच्या नित्यपूजेच्या वेळी मूळ रूप उघडं असतं.

मग पाय. कपाळ टेकवलं की आधी दगडाचा गारवा लागतो, आणि लगेच तुळस, बुक्का आणि ओल्या फुलांचा एकत्र वास येतो. पायांचा दगड गुळगुळीत लागतो. इतक्या पिढ्यांची कपाळं आणि तळवे तिथे टेकली आहेत की झीज होऊ नये म्हणून मूर्तीला आजवर एकाहून अधिक वेळा वज्रलेप करावा लागला आहे. म्हणून विनंती: नाणी, नारळ, किल्ल्या असलं काही हातात ठेवून पायांना हात लावू नका. अंगठीसुद्धा आधीच काढून खिशात टाका. डोकं हलकं टेकवा, आपटू नका.

मागायचं काय, हेही विचारतात. मी लहानपणी यादी करून जायचे आणि पायांशी गेल्यावर सगळं विसरायचे. आता काही ठरवून जात नाही.

नामदेव पायरी म्हणजे काय? ती कुठे आहे?

हा प्रश्न फार थोडे विचारतात, आणि माझ्या मते पहिला हाच विचारायला हवा.

पूर्वेकडच्या महाद्वाराची पहिली पायरी ती नामदेव पायरी. संत नामदेवांची इच्छा अशी की आपण देवाच्या दारातली पायरी व्हावं आणि विठ्ठलाला भेटायला जाणाऱ्या संतांची पायधूळ आपल्या माथ्यावर पडावी. १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला, त्यांनी इथेच समाधी घेतली असं वारकरी परंपरा मानते. आता गंमत पाहा: पायधूळ मागणाऱ्या नामदेवांच्या पायरीवर वारकरी पाय देत नाही. वाकून डोकं टेकवतो आणि ती ओलांडून जातो. पितळी पत्रा चढवलेली ती पायरी कायम बुक्क्याने काळी झालेली असते. पंजाबातून आलेले शीख बांधवही तुम्हाला इथे माथा टेकताना दिसतील, कारण गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत.

पायरीच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखामेळा तिच्याखाली गेले. साल १३३८. नामदेव तिथे गेले, आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या, अशी कथा आहे. त्या अस्थींवर ही समाधी उभी राहिली. हयातभर चोखोबांना जातीमुळे मंदिरात प्रवेश नव्हता, त्यांचं दर्शन बाहेरूनच.

आणि हा प्रवेश पुढे सहाशे वर्षं मिळाला नाही. दलितांना मंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी इथे तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. दहा तारखेला ते सुटलं, आणि विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं. देशाला स्वातंत्र्य मिळायला तेव्हा तीन महिने बाकी होते. आज आपण “इथे कुणीही यावं, पाय धरावेत” असं सहज म्हणतो, ते या दारात उभं राहून एकदा आठवावं.

पदस्पर्शाची रांग बहुतेकदा दर्शन मंडपाकडून आत येते, त्यामुळे महाद्वार वाटेत लागत नाही. माणसं दर्शन घेऊन मागच्या दाराने बाहेर पडतात आणि तशीच गाडीकडे जातात. तुम्ही तसं करू नका. वळसा घालून महाद्वारात या.

मंदिर किती जुनं आहे?

एकाच काळातलं नाही, थर आहेत. ११८९ सालच्या लेखात इथल्या लहानशा देवळाचा पुरावा मिळतो. १२३७ साली होयसळ राजा सोमेश्वराने देवाच्या भोगासाठी एक गाव दिलं, त्याचा कोरीव लेख मंदिरातल्याच तुळईवर आहे. विठ्ठलाचं कर्नाटकाशी नातं किती जुनं, याचा हा दगडी दाखला. आजही कर्नाटकातून येणारे भाविक सोळखांबी मंडपातल्या चांदीने मढवलेल्या गरुडखांबाला कवटाळतात तेव्हा पुरंदरदासांची आठवण काढतात.

चौऱ्यांशीचा शिलालेखही जरूर विचारून पाहा. शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७ या काळात देवळाला कुणी किती दान दिलं याची ती नोंद आहे. रामदेवराव यादवाचं नाव त्यात येतं. पण पिढ्यान्‌पिढ्या भाविकांची समजूत अशी की त्या शिळेला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो. त्यामुळे अक्षरं झिजली. मूळचा जमाखर्च, लोकांनी त्याला मोक्षाची शिळा करून टाकलं!

२०२४ च्या उन्हाळ्यात अडीच महिने पदस्पर्श बंद ठेवून जतनाचं काम झालं. नंतरच्या काळात चढवलेल्या फरश्या आणि रंग काढून जुना दगड मोकळा केला. जून २०२४ पासून पदस्पर्श पुन्हा सुरू आहे. पूर्वी येऊन गेलेल्यांना गाभारा आता वेगळा वाटेल.

रुक्मिणीमातेचं मंदिर वेगळं का?

रुक्मिणी रुसून द्वारकेहून दिंडीरवनात आली, तिला शोधत देव इथवर आले आणि वाटेत पुंडलिकाने दिलेल्या विटेवर थांबले, अशी कथा. रुसवा अजून गेला नाही म्हणून देवळं वेगळी. विठ्ठलाच्या मागच्या बाजूला तिचं मंदिर आहे. तिचे पाय धरल्याशिवाय निघू नका. जवळच तरटीचं एक झाड आहे. ते कान्होपात्रेची खूण. मंगळवेढ्याची ही संत, बादशहाच्या जनानखान्यात जाण्याऐवजी तिने विठ्ठलाच्या पायांशी देह ठेवला असं सांगतात.

चंद्रभागेत स्नान केलंच पाहिजे का?

वारकऱ्यांचा क्रम असा: आधी चंद्रभागा, मग पुंडलिक, मग विठ्ठल. नदी भीमाच. इथे चंद्रकोरीसारखं वळण घेते म्हणून चंद्रभागा. पाणी चांगलं असेल तर उतरा, नसेल तर डोळ्यांना पाणी लावलं तरी स्नान होतं, असं आमच्याकडे मानतात. आषाढीच्या आधी उजनी धरणातून पाणी सोडतात, एरवी पात्र कधी कोरडं तर कधी गढूळ असतं.

सावध राहा. वाळू उपशामुळे पात्रात अचानक खड्डे लागतात. कमरेइतक्या पाण्यातून दोन पावलांवर माणूस बुडेल एवढं खोल होतं. पोहता येत असलं तरी घाटाच्या कडेलाच थांबा, मुलांचा हात सोडू नका. आणि जुने कपडे, निर्माल्य, द्रोण पाण्यात सोडू नका. नदीला आपण आई म्हणतो, मग तिच्या अंगावर घाण टाकायला हात धजावतोच कसा?

पुंडलिकाचं मंदिर पात्रातच आहे, पुराच्या दिवसांत ते पाण्याखाली जातं. पाणी असेल तेव्हा कोळी बांधवांच्या होड्यांतून विष्णुपद मंदिराकडे जाता येतं. मार्गशीर्षात देव तिथे मुक्कामाला असतो, अशी श्रद्धा.

देवाचे रोजचे उपचार पाहता येतात का?

पहाटे चारच्या सुमारास दार उघडतं. काकडा, नित्यपूजा, दुपारचा नैवेद्य, पोशाख, संध्याकाळची धूपारती आणि रात्री शेजारती असा क्रम. या काळात दर्शन थोडा वेळ थांबतं, तेव्हा रांग अडली म्हणून चिडू नका.

सगळ्यात हृद्य म्हणजे प्रक्षाळपूजा. आषाढी-कार्तिकीच्या काळात भक्तांना चोवीस तास भेटता यावं म्हणून देवाचा पलंग काढून ठेवतात. देव झोपतच नाही. यात्रा सरली की एक दिवस ठरवून देवाचा शिणवटा काढतात. पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात, रात्री काढा दाखवतात आणि पलंग परत आत येतो. दिवसभर उभ्या राहिलेल्या घरच्या माणसाचे पाय आपण चेपतो, तसंच. मी दोनदा त्या दिवशी गावात होते. हार करणाऱ्या बायका एकमेकींना सांगत होत्या, “आज निजंल बाई माझा इठ्ठल.”

कपडे, मोबाईल, सामान यांचे नियम?

अंगभर, साधे सुती कपडे. पुरुषांना सदरा काढावा लागत नाही. मोबाईल आणि कॅमेरा आत चालत नाही, बाहेर जमा करून पावती घ्या. मोठ्या पिशव्या मुक्कामी ठेवा. समितीचे भक्तनिवास आहेत, मठ-धर्मशाळाही पुष्कळ, पण यात्रेच्या दिवसांत आधी बोलून ठेवल्याशिवाय जागा मिळणं अवघड.

पूजेसाठी, दक्षिणेसाठी पैसे मागतात का?

जुन्या लोकांच्या मनात ती भीती अजून आहे. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ चा. न्यायालयीन लढाई चालत राहिली आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तिचा निकाल लागला. आता कारभार मंदिर समितीकडे आहे. पदस्पर्शाला पैसे लागत नाहीत. देणगी द्यायची तर समितीच्या खिडकीवर द्या आणि पावती मागा.

आषाढीला गर्दीत दर्शन होणार नाही, मग जावं का?

जा. आळंदीहून माऊलींची आणि देहूहून तुकोबांची पालखी ज्या दिवशी पंढरपूरजवळच्या वाखरीला पोचते, त्या दिवशी रस्त्याच्या कडेला नुसतं उभं राहिलात तरी पुरे. अठरा-वीस दिवस चालून आलेल्या कितीतरी वारकऱ्यांना गाभारा दिसतच नाही. ते चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा करतात, नामदेव पायरीवर डोकं टेकतात, महाद्वारातून कळसाकडे पाहून हात जोडतात आणि परत फिरतात. पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला की वारी पुरी. माझे आजोबा शेवटची अकरा वर्षं कळस पाहूनच आले. “तो आत बसलेला नाही, उभा आहे. त्याला बाहेरचं दिसतं,” असं ते म्हणायचे.

लहान मुलांना मात्र आषाढीला नेऊ नका, किंवा नेलंत तर खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

एक दिवस जास्त असेल तर?

गोपाळपूर, कैकाडी महाराजांचा मठ, आणि नदीकाठचा होळकर वाडा. संध्याकाळी घाटावर बसा. मंगळवेढा पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. दुष्काळात सरकारी कोठारं रयतेला खुली करणाऱ्या दामाजीपंतांचं मंदिर तिथे आहे.

घरी काय आणायचं?

तुळशीची माळ, कुंकू, बुक्का, चुरमुरे-बत्तासे. बुक्का आणि कुंकू इथेच तयार होतात, सुट्टा घेताना बोटावर घेऊन वास पाहा. चांगला बुक्का नाकाला झोंबत नाही. चुरमुरे जरा जास्तच घ्या, कारण गावाकडे अजून रीत आहे: पंढरीहून आलेल्या माणसाच्या पाया पडायला शेजारपाजारचे येतात, वयाने मोठे असले तरी. पहिल्यांदा संकोच वाटेल. मागे सरकू नका. तुम्हीही वाका, कपाळाला बुक्का लावा आणि मूठभर चुरमुरे त्यांच्या ओंजळीत द्या.